फौजी गावाचा इतिहास लिहून ठेवायचाय? मग अशी सुरुवात करा

आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात अशी गावं भरपूर आहेत जिथं घरटी कोणीतरी मिलिटरीत आहे नाहीतर पेन्शनीत आलेलं आहे. अपशिंगे मिलिटरी, सैनिक टाकळी, ही तर नावातच मिलिटरी असलेली गावं. अपशिंग्याचे पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले, तिथं त्यांचं स्मारक आहे, सगळ्या महाराष्ट्राला ते गाव माहीत आहे. पण बाकीच्या शेकडो गावांचं काय? तिथं इतिहास म्हणजे चावडीच्या भिंतीत बसवलेली एक पाटी आणि म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात असलेल्या गोष्टी, आणि ती माणसं एकेक करून चाललीत. मी माझ्या गावाचं हे काम तीन वर्षं केलं, त्यातून जे जमलं आणि जे चुकलं ते सगळं इथं लिहितोय, तुमच्या गावात कोणाला करायचं असेल तर उपयोग होईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. फौजेचा इतिहास म्हणजे फक्त शहीद आणि मेडल नाही. फौजेनं गाव कसं बदललं, घरात पैसा कसा आला, शेत कोणी ओढलं, भाषा कशी बदलली, कोणाला भरतीत घेतलं आणि कोणाला दारातूनच परत पाठवलं, हे सगळं त्यात येतं. मी पहिले सहा महिने फक्त माजी सैनिकांकडं जाऊन बसलो, लढाया लिहून घेतल्या, आणि त्या सहा महिन्यांत दोन आज्या गेल्या ज्यांच्याकडं खरं सांगण्यासारखं होतं. ती चूक तुम्ही करू नका.

सुरुवात दगडापासून करा, कारण दगड पळून जात नाही आणि त्यानिमित्तानं गावात फिरणं होतं. वेशीजवळ, मारुतीच्या किंवा महादेवाच्या देवळाबाहेर वीरगळ असतात, शेंदूर फासलेले, अर्धे मातीत गेलेले. लोक त्यांना देव समजून तेल घालतात, पण तो कोणत्यातरी लढाईत मेलेल्या माणसाचा दगड आहे. वाचायचा खालून वर. सगळ्यात खालच्या चौकटीत मेलेला वीर किंवा लढाई, कधीकधी गाईपण कोरलेल्या असतात, म्हणजे गुरं पळवून नेताना वाचवायला गेलेला माणूस. त्याच्यावर अप्सरा त्याला वर घेऊन चालल्यात, आणि सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, बाजूला चंद्र-सूर्य. म्हणजे लढायला जाणं आणि त्याचा मान ठेवणं हे इंग्रज यायच्या कितीतरी आधीपासून गावात होतं, इंग्रजांच्या पलटणी त्याच मुळावर उभ्या राहिल्या असं माझं मत आहे.

मग पहिल्या महायुद्धाची पाटी शोधा. संगमरवराची किंवा दगडाची असते, चावडीला, जुन्या शाळेला, नाहीतर देवळाच्या भिंतीत. मजकूर बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातला, या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या मोठ्या युद्धाला गेले आणि त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. (लढाई १९१८ ला थांबली तरी पाटीवर १९१९ का, तर तहावर सह्या त्या वर्षी झाल्या म्हणून.) नावं नसतात, फक्त आकडे. तुमचं अर्धं काम हेच, त्या आकड्याला नावं लावायची.

अक्षरं पुसट असतील तर तारेच्या ब्रशनं घासू नका, ऍसिड टाकू नका, आणि कृपा करून ऑइल पेंटनं अक्षरं भरू नका, आमच्याकडं एका उत्साही मंडळानं ते केलं आणि ७ चा १ झाला. रात्री जा, मोबाईलची टॉर्च भिंतीला टेकवून एका बाजूनं तिरपी धरा, सावलीमुळं अक्षरं उठून येतात, आणि दुसऱ्याला फोटो काढायला लावा. चारी बाजूंनी टॉर्च फिरवून चार फोटो काढा, एकात दिसत नाही ते दुसऱ्यात दिसतं.

आता घरं. एक मोठी वही घ्या आणि गल्लीवार जा, आडनावाप्रमाणं नको, कारण आडनावाप्रमाणं गेलात की मोठ्या भावकीची घरं आधी होतात आणि कडेची वस्ती राहूनच जाते. प्रत्येक घराला एक पान. कोण भरती झालं, साधारण कोणत्या साली, कोणती पलटण, कुठं कुठं पोस्टिंग, कधी पेन्शनीत आला, नसेल आला तर काय झालं. साल आठवत नाही असं नव्वद टक्के लोक सांगतात, तेव्हा साल विचारूच नका. ७२ च्या दुष्काळाच्या आधी का नंतर, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तो घरी होता का, असं विचारा, लगेच सांगतात. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, तिथून मागं-पुढं मोजता येतं.

मग ट्रंक उघडायला सांगा. प्रत्येक फौजी घरात माळ्यावर नाहीतर पलंगाखाली ती काळी पत्र्याची ट्रंक असतेच, वर पांढऱ्या रंगानं नंबर, हुद्दा, नाव लिहिलेलं. त्या अक्षरांचा फोटो आधी काढा, कारण नातू ती ट्रंक रंगवून टाकतात. आत डिस्चार्जचं पुस्तक असतं, ते मिळालं तर सोनं समजा, त्यात भरतीची तारीख, पलटण, लढाया, जखमा, मेडल, अंगावरच्या खुणा, आणि वागणूक कशी होती तेपण लिहिलेलं असतं. फोटो असतील तर मागची बाजू बघा, स्टुडिओचा शिक्का असतो, त्यावरून माणूस कुठं होता ते कळतं. फ्लॅश मारू नका, दाराजवळच्या सावलीत ठेवून मोबाईलनं सरळ वरून फोटो काढा, आणि कागद लॅमिनेट करू नका, कोणालाही करू देऊ नका, एकदा केलं की तो कागद परत सुटा होत नाही. वस्तू घरी नेऊ नका, कितीही आग्रह केला तरी. जे बघायचं ते त्यांच्या ओसरीवर बसून.

एका घरात मला काय मिळालं ते सांगतो. आजीनं देव्हाऱ्यातून एक ताटली काढली, साधारण १२ सेंटिमीटरची, कांस्याची, जड. दर दसऱ्याला शस्त्रांबरोबर तिची पूजा करायची आणि आदल्या दिवशी चिंच लावून घासायची, सासूनं सांगितलेलं, तिच्या सासूनं तिला. देवाचीच ताटली आहे असं सगळं घर समजत होतं. त्यावर एक बाई, पुढं सिंह, आणि कडेनं इंग्रजी अक्षरं. ती पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी इंग्रज सरकारनं पाठवलेली पदक-ताटली होती. तिच्यावर हुद्दा नसतो, जनरल असो की शिपाई, फक्त नाव. आणि ते नाव शंभर वर्षं चिंचेनं घासून जवळजवळ गेलं होतं. टॉर्च तिरपी धरल्यावर पहिली चार अक्षरं लागली, बाकीची बोटानं चाचपून. आजीच्या नवऱ्याच्या चुलत्याचं नाव निघालं. घरात त्याचं नाव कोणालाच माहीत नव्हतं, "बसऱ्याला गेलेला" (बसरा म्हणजे इराकमधलं बंदर) एवढंच म्हणायचे. आजी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, म्हणजे आम्ही इतकी वर्षं यांचीच पूजा करत होतो. अशी ताटली कुठं मिळाली तर घासणं थांबवायला सांगा, मऊ कोरड्या फडक्यानं पुसली तरी बास.

मेडल मिळालं तर त्याची कड बघा, पुढची बाजू नाही. पहिल्या महायुद्धाच्या गोल मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. बऱ्याच घरांत मेडल राहिलेलं नाही, चांदीचं होतं, अडचणीत मोडलं, त्याची लाज वाटून लोक सांगत नाहीत. त्यांना सांगा की मोडलं हेपण लिहून ठेवायची गोष्ट आहे.

पलटणीचे नंबर बदललेत, तिथं सगळे गोंधळतात. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी म्हणजे १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ ला यांची मिळून एक रेजिमेंट केली आणि १०३ ची पहिली बटालियन झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी आणि ११४ ची दहावी म्हणजे ट्रेनिंगची. लोक मात्र नंबर सांगत नाहीत, जंगी पलटण सांगतात, ती पहिली, काळी पाचवी सांगतात, ती पाचवी नव्हे, दुसरी. मी एकदा हे न विचारता लिहिलं आणि एका माणसाला भलत्याच लढाईत पाठवलं, त्यामुळं सांगतोय. १०३, ११० आणि ११७ या पलटणी इराकमध्ये कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होत्या, अन्न संपलं, शेवटी २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, आणि पुढं कैदेत चालत नेताना कितीतरी मेले. घरात कोणी "बसऱ्याला गेला आणि पत्र बंद झालं" म्हणालं की हे आधी तपासा.

नाव तपासायला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशन, म्हणजे दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, तिची वेबसाइट आहे, फुकट आहे. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात नोकरीत असताना मेलेले त्यात आहेत, लढाईतच मेलं पाहिजे असं नाही, आजारानं गेलेलेपण. जिवंत परत आले त्यांची नावं तिथं मिळणार नाहीत, उगाच शोधत बसू नका. स्पेलिंग कारकुनानं कानाला जसं वाटलं तसं लिहिलंय, पवारचं पोवार, शिंदेचं सिंदे, जाधवचं जाधाव, व साठी कुठं व्ही तर कुठं डब्ल्यू, म्हणून आडनावानं नाही मिळालं तर पलटण टाकून शोधा आणि माहितीच्या रकान्यात गाव आणि बापाचं नाव जुळतंय का बघा. जिल्हापण जुना असतो, सांगली जिल्हा १९४९ ला दक्षिण सातारा म्हणून झाला, त्याच्या आधीचे बरेच कागद सातारा म्हणतात, रायगडचं कुलाबा असतं आणि सिंधुदुर्गाचं रत्नागिरी.

एक गोष्ट मला फार लागली, ती सांगतोच. बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रजांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांची कोरली, पण आपल्या साध्या शिपायांचे पलटणीप्रमाणं फक्त आकडे टाकले. त्या कमिशननं स्वतःच २०२१ ला अहवाल काढून ही असमानता मान्य केली. म्हणजे गावातल्या पाटीवर आकडा, तिकडं स्मारकावरपण आकडा. तुमच्या वहीत तरी नाव पूर्ण लिहा, बापाच्या आणि आईच्या नावासकट.

स्वातंत्र्यानंतरच्या शहिदांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात भिंतींवर नावं आहेत. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिक आणि विधवांच्या नोंदी असतात, तिथं घरच्या माणसाला बरोबर घेऊन अर्ज करा, एकट्यानं गेलात तर माहिती देत नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

आता बायकांकडं या, आणि इथं घाई करू नका, एका दिवसात एकच घर. पुरुष समोर असतील तर त्या बोलत नाहीत, बोलल्या तरी "यांना विचारा" म्हणतात. दुपारी कामं झाल्यावर जा, बहिणीला किंवा बायकोला बरोबर न्या, शक्यतो तिलाच विचारू द्या. लढाईचं विचारू नका. मनीऑर्डर कोणाच्या नावावर यायची? सही कोण करायचं? पत्र कोण वाचून दाखवायचं, आणि जे सगळ्यांसमोर वाचता येत नाही ते कसं कळवायचं? रजेवर यायचा तेव्हा पोरं ओळखायची का? बैल कोणी धरले, पाणी रात्री कोणी पाजलं, सोसायटीचं कर्ज कोणी काढलं? एक काकू म्हणाल्या, सतरा वर्षांच्या नोकरीत ते घरी होते सगळे दिवस मोजून तीन वर्षं, आणि रिटायर होऊन आल्यावर मला विचारायला लागले चहा साडेपाचला का नाही. हसत सांगितलं त्यांनी, पण मी लिहून घेतलं, कारण पेन्शनीत आलेला माणूस घरात परत बसवणं हे त्या बाईचंच काम होतं आणि ते कुठंच नोंदलेलं नाही. जात्यावरच्या ओव्या येतात का विचारा, पलटणीत गेलेल्या भावावर, नवऱ्यावर ओव्या आहेत, म्हणायला लागल्या की मध्ये थांबवू नका.

ज्यांचा माणूस गेलाय त्या घरात पेन्शनीचा, दिराशी लग्न लावल्याचा, जमिनीचा विषय निघतो. त्या स्वतःहून बोलल्या तरच ऐका, आणि लिहायच्या आधी परत जाऊन विचारा, हे छापू का. नाही म्हणाल्या तर नाही.

मग गावाच्या दुसऱ्या टोकाला जा. हे सांगणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण बहुतेक गावांच्या स्मरणिका इथं पोचतच नाहीत. महार समाज इंग्रजांच्या मुंबई लष्करात पहिल्यापासून होता, भीमा कोरेगावच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईच्या स्तंभावर शेवटी 'नाक' असलेली नावं आहेत ती त्यांची. पलटणीमुळं पोरं शाळेत गेली, छावणीत सैनिकांच्या मुलांना शिकवायचे. दापोलीला पेन्शनर मंडळी राहायची, तिथलेच गोपाळबाबा वलंगकर, १८८६ ला पेन्शनीत आले आणि १८८८ ला अस्पृश्यतेवर पुस्तिका काढली. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक, त्यांचा मुलगा १८९१ ला महूच्या छावणीत जन्मला, पुढं कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आलं. बाबासाहेबांच्या घरात शिक्षण आलं त्यात पलटणीचा वाटा आहे. आणि त्याच सुमाराला सरकारनं लढाऊ जात आणि बिगरलढाऊ जात असं ठरवून महारांची भरती बंद केली. शिवराम जानबा कांबळेंनी १९१० ला ती परत सुरू करा म्हणून अर्ज केला, १९१७ ला गरज पडली तेव्हा १११ महार पलटण काढली, १९२१ ला मोडली, आणि महार रेजिमेंट उभी राहिली ती १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात. तर तुमच्या गावात विचारा, ती भरती बंद झाली तेव्हा कोणाचं घर पेन्शनीवरून परत बलुत्यावर आलं? तसंच रामोशी, मुसलमान, मातंग, धनगर घरांतले कोण गेले? पाटीवरच्या आकड्यात ते असतात, गावाच्या बोलण्यात नसतात.

भाषेची दोन-चार पानं वेगळी ठेवा, यात पोरांना मजा येते, त्यांनाच गोळा करायला लावा. रंगरूट (नवा भरती झालेला), लंगर (स्वयंपाकघर), बडा खाना (सगळ्यांचं एकत्र जेवण), फालिन (रांगेत उभं राहणं), पिट्टू (पाठीवरची पिशवी), फटीक (अंगमेहनतीचं काम), हे शब्द ज्या घरात वापरतात ते घर फौजी. गावात प्रत्येक रिटायर माणसाला मेजर म्हणतात मग तो नाईक असला तरी, पण सुभेदाराला मात्र सुभेदारच म्हणतात. वास्तूला आलेले पाहुणे लाईनीत जेवायला बसवणं, पहाटेचं पळणं, कॅन्टीनचं सामान भावकीत वाटणं, २६ जानेवारीला माजी सैनिकाच्या हातनं झेंडा, सगळं लिहा.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात. घर, नाव, तारीख सुरुवातीला बोलून घ्या, पंखा बंद, मोबाईल एअरप्लेन मोडवर, टेबलावर नको तर घडी केलेल्या टॉवेलवर, माणसाच्या जवळ. अर्ध्या तासात थांबा. १९६५, १९७१, श्रीलंका, कारगिल, कोणी काय बघितलंय आपल्याला माहीत नसतं, श्रीलंकेच्या शांतिसेनेत गेलेल्यांना तर कोणी कधी विचारलेलंच नाही, बोलता बोलता गप्प झाले तर गप्प बसू द्या, पुढचा प्रश्न टाकू नका. त्या दिवशी मोबाईल बंद करून चहा घेऊन या.

आणि जे आत्ता नोकरीत आहेत त्यांची युनिट, पोस्टिंग, वर्दीतले फोटो काहीही वहीत किंवा व्हॉट्सअॅपवर टाकायचं नाही, अजिबात नाही. पेन्शनचे नंबर, आधार, बँक तर नाहीच. त्यांच्या पानावर फक्त भरतीचं वर्ष. भरतीची तयारी करणारी पोरं मात्र विसरू नका, पहाटे डांबरी रस्त्यावर १६०० मीटरची प्रॅक्टिस करणारी. २०२२ ला अग्निपथ ही चार वर्षांच्या भरतीची योजना आली, त्यात चार वर्षांनी भरती झालेल्यांतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतात, त्यामुळं लग्नाच्या बैठकीत, कर्जाच्या बोलण्यात काय बदललं ते आत्ताच टिपून ठेवा, वीस वर्षांनी हेपण जुनं होणार आहे. आणि मैदानात नापास होऊन परत आलेल्या पोरांनापण विचारा.

सगळं झालं की टाईप करून पन्नास-साठ प्रती काढा, साधी झेरॉक्स चालते. एक शाळेत, एक ग्रामपंचायतीत, एक वाचनालयात, बाकी घरांत. छापायच्या आधी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत नावांची यादी मोठ्यानं वाचा, चुका तिथल्या तिथं कळतात. आणि शेवटी दहा पानं कोरी सोडा. आमच्या शाळेतल्या प्रतीत आत्तापर्यंत साडेचार पानं भरलीत, वेगवेगळ्या हस्ताक्षरात, त्यातल्या एकात पेन्सिलनं लिहिलंय की पान १४ वर आमच्या आजोबांच्या आईचं नाव चुकलंय, सोना नाही, सोनाई.